ऑइल ते ऑइल : घरच्या घरी गाडी दुरुस्त करताना होणाऱ्या चुकांचा इतिहास

मागच्या काही भागांत आपण राजे, लढाया आणि तह यांच्याबद्दल बोललो. आज विषय जरा वेगळा आहे. आज मी तुम्हाला चुकांचा इतिहास सांगणार आहे, आणि त्यातल्या बऱ्याच चुका माझ्याच घरातल्या आहेत.

आमचं घर म्हैसूरच्या चामराजपुरममध्ये. घरात मराठी, अंगणाबाहेर कन्नड. वस्तीचं स्वतःचं छोटं रेल्वे स्टेशन आहे, नंजनगूड-चामराजनगरच्या मार्गावरचं. माझ्या लहानपणी तिथून मीटरगेजची गाडी जायची आणि तिच्या शिट्टीवर आमची आई कुकर उतरवायची. घराच्या बाजूला नारळाखाली एक मोकळी जागा होती. त्या जागेवर आधी जावा उभी राहिली, मग फियाट, मग एक नवी गाडी, आणि आज तिथं माझ्या मुलीची विजेवर चालणारी गाडी उभी असते. चार यंत्रं, तीन पिढ्या, जागा तीच.

गाडीचं काम स्वतः करायला घेणारा नवशिका चुकतो, कारण त्याला काही येत नसतं, असं आपण समजतो. माझा अनुभव वेगळा आहे. ज्याला काहीच येत नाही, तो घाबरतो आणि मिस्त्रीला बोलावतो. चुकतो तो, ज्याला आधीची गाडी चांगली येत असते. जुन्या यंत्रावर बसलेला हात नव्या यंत्रावर तसाच चालतो, आणि तिथं घात होतो. हे एका माणसापुरतं खरं आहेच, पण गाडीच्या सगळ्या इतिहासातही हेच पुन्हा पुन्हा दिसतं.

मालक हाच मिस्त्री

सुरुवात जर्मनीपासून करू. ऑगस्ट 1888. कार्ल बेंझची पत्नी बर्था नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्यानं बनवलेल्या तीन चाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. एका तारेचं आवरण झिजलं, तिथं मोज्याचा पट्टा वापरला. इंधन संपलं तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन विकत घेतलं, कारण पेट्रोल पंप नावाची गोष्टच नव्हती. लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. म्हणजे मोटारीचा पहिला लांबचा प्रवास हाच मुळी रस्त्यावरच्या दुरुस्तीचा प्रवास होता.

पुढची कितीतरी वर्षं गाडीचा मालक किंवा त्याचा ड्रायव्हर हाच मिस्त्री होता. गाडी हँडल मारून सुरू करायची. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, दांड्याला वेढा द्यायचा नाही, हा पहिला धडा. कारण इंजिननं उलटा झटका दिला तर अंगठा किंवा मनगट मोडायचं. पण विहिरीचा रहाट, उसाचा चरक, जात्याचा खुंटा यांवर वाढलेला हात कसा धरणार? पक्की मूठ वळून! ज्या धरण्यानं आयुष्यभर काम झालं, तेच इथं हाड मोडणारं ठरलं. 1912 साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगनं विजेचा स्टार्टर बसवला आणि ती चूक हळूहळू इतिहासजमा झाली. चुका अशाच जातात. माणूस सुधारला म्हणून जातात असं नाही, यंत्र बदललं म्हणून जातात. आणि नवं यंत्र आपल्या नव्या चुका घेऊन येतं.

म्हैसूरला न आलेला कारखाना

आता आपल्याकडे या. भारतात 1928 साली मुंबईत जनरल मोटर्सनं सुटे भाग जोडून गाड्या बनवायला सुरुवात केली. पण जोडणं वेगळं आणि बनवणं वेगळं. गाडी इथंच बनली पाहिजे हा ध्यास घेतलेल्या दोन माणसांची नावं मला इथं घ्यायची आहेत. एक म्हैसूरचे माजी दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. हे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेले. दुसरे सोलापूरचे वालचंद हिराचंद. 1930 च्या दशकात विश्वेश्वरय्यांनी मोटार कारखान्याची योजना आखली, त्यासाठी ते युरोप-अमेरिकेत फिरून आले. म्हैसूर संस्थानात तो कारखाना यावा अशी खटपट झाली, पण इंग्रज सरकारची साथ मिळाली नाही आणि बेत बारगळला.

गंमत बघा, वालचंदांनी म्हैसूर सरकारच्या भागीदारीत डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, तोच पुढचा हिंदुस्तान एरोनॉटिक्स. विमानाला जागा मिळाली, मोटारीला नाही! मोटारीसाठी त्यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि कारखाना उभा राहिला मुंबईत, कुर्ल्याला. आधी क्रायस्लरच्या गाड्या, मग 1950 च्या दशकात फियाट. हीच फियाट 1100 पुढं 1970 च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली.

याच सुमारास सरकारनं धोरण ठरवलं की ज्यांचा इथं गाडी बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच परवानगी. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. बाजारात दोन-तीन गाड्या उरल्या, आणि नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघण्याचे दिवस आले. मिळालेली गाडी वीस-वीस वर्षं टिकवायची हा नाइलाज होता, आणि त्या नाइलाजातून घरोघरी पाने, पक्कड आणि ग्रीसचा डबा आला. आपल्याकडे घरच्या दुरुस्तीची हौस कमी आणि गरज जास्त होती.

यादवगिरीची शाळा

म्हैसूरला मोटार आली नाही, पण मोटरसायकल आली. स्टेशनच्या पलीकडं यादवगिरीत आयडियल जावाचा कारखाना निघाला. चेकोस्लोवाकियाच्या जावा कंपनीशी करार, इराणी कुटुंबाचं भांडवल आणि महाराज जयचामराजेंद्र वडेयरांचा पाठिंबा. 1961 पासून तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. 1973 पासून नाव झालं येझदी. 1996 साली कारखाना बंद पडला. आजही जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले जगभर एकत्र जमतात.

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, 1960 च्या दशकात जावा घेतली आणि ती ते स्वतःच सांभाळायचे. म्हैसुरात त्या काळी जावाची दुरुस्ती म्हणजे घरगुती विद्या होती. एकच सिलिंडर, दोन सायलेन्सर, किक आणि गिअर एकाच दांड्याला. रविवारी सकाळी अण्णा प्लग काढून घासायचे, पॉइंटमधली फट बघायचे, सायलेन्सरमधली काजळी काढायचे. मी शेजारी बसून पाने द्यायचो. नंबर न बघता कुठला पाना कुठल्या नटाला लागतो ते मला आठव्या वर्षी कळत होतं.

या गाडीनं आमच्या हातांना काय शिकवलं ते नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे.

एक : इंजिनचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. टू-स्ट्रोकचं इंजिन ते, ऑइल पेट्रोलबरोबर आत जातं आणि जळून जातं. थोडं जास्त पडलं तर धूर वाढतो, कमी पडलं तर इंजिन जाम होतं. म्हणजे जास्त बरं. दोन : धूर हा तब्येतीचाच भाग. तीन : स्टँडवर लावली की गाडी हलत नाही, बिनधास्त काम करा. चार : चाक एका दांड्यावर असतं, नट गच्च आवळला की झालं. पाच : ब्रेक तारेनं नाहीतर दांड्यानं ओढला जातो. घरात ऑइलचा एकच डबा असतो, आणि जिथं कुरकुर येते तिथं त्यातलं चार थेंब सोडायचं.

जावासाठी ही पाचही वाक्यं चालून जात होती. फियाटसाठी पाचही चुकीची होती.

फियाट आली

1979 साली अण्णांनी जुनी फियाट घेतली. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, बाकासारखी पुढची सीट, आणि बॉनेट उघडलं की चार प्लग रांगेत. अण्णा म्हणाले, "चार जावा एकत्र बांधल्यात, दुसरं काय?" आम्ही त्यावर विश्वास ठेवला.

पहिली चूक अण्णांची. फोर-स्ट्रोक इंजिनचं ऑइल खाली चेंबरमध्ये साठलेलं असतं आणि तेच तेच पुन्हा फिरतं. ते मोजायला पट्टी असते, पट्टीवर दोन खुणा असतात, आणि ऑइल त्या दोन खुणांच्या मध्ये हवं. तेही गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी बघायचं. आमची मोकळी जागा उताराची. अण्णांनी इंजिन बंद करून लगेच पट्टी काढली, ऑइल कमी दिसलं, त्यांनी ओतलं. वर थोडं जास्तही ओतलं, जास्त बरं म्हणून. मग काय होतं? फिरणारा क्रँकशाफ्ट ते ऑइल घुसळतो, त्याचा फेस होतो, फेसानं वंगण नीट होत नाही, ऑइल सीलमधून झिरपतं आणि प्लगपर्यंत पोहोचून काजळी धरते. मागून निळसर धूर यायला लागला. जावावाल्याला धुराची भीती नसते! तीन आठवडे आम्ही तो धूर काढत म्हैसूरभर फिरलो.

जॅकची चूक माझी. स्टेपनी बदलायचा जॅक लावून मी गाडीखाली सरपटलो होतो. जावाच्या स्टँडसारखाच तो वाटला मला. शेजारच्या काकांनी पाय धरून बाहेर ओढलं आणि कानाखाली वाजवली. तेव्हा अपमान वाटला होता. आज त्यांना मनातल्या मनात नमस्कार करतो. जॅक हा गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. खाली जायचं असेल तर चाकांना दगड, हँडब्रेक, आणि गाडीखाली पक्के लोखंडी स्टँड. विटांवर गाडी ठेवू नये, वीट न सांगता फुटते.

चाकाचंही तसंच. एका बाजूनं क्रमानं नट आवळत गेलं की चाक तिरपं बसतं. समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळायचे, आणि शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावर लावायचा.

चामुंडीचा उतार

आता ती गोष्ट, जी मी आजवर जाहीर बोललो नव्हतो.

1984 साल. मी अठरा वर्षांचा. एका संध्याकाळी बॉनेट उघडून बघताना मला दिसलं की ब्रेकच्या बाटलीतली पातळी खाली गेली आहे. घरात ऑइलचा डबा होता. मी तो ओतला. बूच लावलं, हात पुसले, आणि आईला सांगितलंसुद्धा की ब्रेकचं ऑइल मी भरलं.

ब्रेकमध्ये ऑइल नसतंच. तिथं वेगळं रसायन असतं, आणि ब्रेकच्या आतली रबरं त्या रसायनाला धरून बनवलेली असतात. पेट्रोलियमचं कुठलंही ऑइल त्यांना लागलं की ती फुगतात. लगेच नाही, काही तासांत, काही दिवसांत. म्हणून चूक करणाऱ्याला चूक दिसत नाही. फुगलेलं रबर मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक छिद्र बंद करतं. पाय काढला तरी ब्रेक सुटत नाहीत, ते घासत राहतात, तापतात, आणि शेवटी रबर दगा देतं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी आम्ही चामुंडी टेकडीवर देवीला गेलो. अण्णा चालवत होते. शेजारी आई, मागं मावशी, मी आणि धाकटी बहीण. चढताना गाडी जड वाटत होती, अण्णा म्हणाले माणसं जास्त आहेत. उतरताना जळका वास आला. एका वळणाआधी अण्णांनी ब्रेक दाबला आणि पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही.

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी स्टिअरिंगवरचा दांडा ओढून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, हळूहळू हँडब्रेक खेचला आणि डाव्या बाजूनं डोंगराकडच्या गटारात चाक घातलं. गाडी खडखडत घासत थांबली. दरीची बाजू उजवीकडं होती. कुणाला खरचटलंही नाही. आई बराच वेळ बहिणीचा हात धरून बसली होती. समोर खाली सगळं म्हैसूर दिसत होतं, आणि मला एकच गोष्ट दिसत होती, तो डबा.

दुसऱ्या दिवशी आमचे नेहमीचे मिस्त्री आले. बाटलीचं बूच काढून त्यांनी बोट बुडवलं, बोटावर बोट घासलं आणि अण्णांना म्हणाले, "सार, पोरानं फियाटला जावा समजून पाजलंय." चारही चाकांचे सिलिंडर उघडून सगळी रबरं बदलावी लागली, नळ्या स्पिरिटनं धुवाव्या लागल्या. जाताना मिस्त्री मला म्हणाले, ओतण्याआधी बूच वाचायचं. आणि पातळी खाली का गेली ते आधी शोधायचं, भरणं नंतर. ब्रेकची पातळी आपोआप कमी होत नाही. एकतर लायनर झिजलेत, नाहीतर कुठंतरी गळतंय.

अण्णा मला रागावले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "ऑइल ते ऑइल, हे मीच तुला शिकवलं होतं." ते वाक्य मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

पुन्हा तीच चूक

मग मी फियाट नीट शिकलो. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी, ती पातीनं मोजायची. प्लग आधी बोटांनी फिरवून आटे धरवायचे, मगच पाना, नाहीतर आटे मरतात. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कारण दाबाखालचं पाणी अंगावर उसळतं. गाडी मिसिंग मारत असेल तर एकेक प्लगची वायर काढून कुठला सिलिंडर मेलाय ते शोधायचं. डायनॅमो चार्ज करतोय का बघायचं तर चालू इंजिनवर बॅटरीची तार काढायची. गाडी चालू राहिली की डायनॅमो ठीक.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली होती, पण आमची फियाट पुढंही कितीतरी वर्षं चालली. दरम्यान काळ बदलला. 1995 मध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, 2000 मध्ये देशभरातून शिशाचं पेट्रोल गेलं, कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. 2004 साली मी नवी गाडी घेतली. दोन वर्षांनी चार्जिंगची शंका आली. मी जुन्या सवयीनं चालू इंजिनवर बॅटरीची तार काढली.

डॅशबोर्डचे दिवे एकदम भडकले आणि गाडी बंद पडली ती पडलीच. बॅटरी मध्ये असते तेव्हा ती विजेचे झटके पचवते. तीच काढली, तर आल्टरनेटरचा सगळा झटका इंजिनच्या कॉम्प्युटरवर जातो. तो भाग बदलावा लागला. मी चाळीस वर्षांचा होतो, बावीस वर्षांपूर्वी धडा शिकलेला, आणि चूक तीच केली होती. आधीच्या गाडीचं ज्ञान या गाडीला पाजलं होतं.

तेव्हापासून माझी जुनी विद्या मी एकेक करून तपासली. प्लगची वायर काढून बघणं? नव्या गाडीत न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं? इंजिन गरमच होत नाही आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत राहतो. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी? आत क्षार आणि गंज. सकाळी ॲक्सिलरेटर चार वेळा दाबून मग चावी? कार्बोरेटरला त्याचा उपयोग होता, इंजेक्शनला नाही. यातली एकही गोष्ट मूर्खपणाची नव्हती. प्रत्येक गोष्ट कधीतरी, कुठल्यातरी गाडीला लागू पडत होती.

आता मुलीची पाळी

29 ऑक्टोबर 2023 ला मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस झाला. त्या दिवशी मी टीव्हीवर ती काळीपिवळी बघत बसलो होतो. आमची मोकळी जागा तेव्हा रिकामी होती. पुढच्या वर्षी मुलीनं विजेवरची गाडी आणली. म्हणाली, बाबा, हिला ऑइल नाही, प्लग नाही, काही बघायचंच नाही.

मी म्हटलं, ही तुमच्या पिढीची चूक. इंजिन नाही म्हणून देखभाल नाही असं होत नाही. ही गाडी वेग कमी करताना मोटरनंच वीज परत घेते, त्यामुळं ब्रेक कमी वापरले जातात, आणि न वापरलेल्या ब्रेकवर गंज चढतो. ब्रेकमधलं रसायन हवेतली ओल शोषतं, म्हणून ते कंपनीनं सांगितलेल्या मुदतीत, बहुतेक गाड्यांत दोन-एक वर्षांनी, बदलायचं असतं. टायर आहेत, बारा व्होल्टची छोटी बॅटरी आहे. आणि नारिंगी रंगाच्या जाड तारांना हात लावायचा नाही, तिथं घरची विद्या संपते.

मग बॉनेट उघडून मी तिला ती बाटली दाखवली. जावा गेली, फियाट गेली, पॉइंट-कार्बोरेटर गेले, इंजिनही गेलं, पण ही बाटली अजून आहे. म्हटलं, बूच वाच. तिनं वाचलं. डॉट फोर. म्हटलं, आता पुस्तिकेत बघ तेच लिहिलंय का. तिनं बघितलं.

तिला मी चामुंडीची गोष्ट तेव्हा पहिल्यांदा सांगितली. ऐकून ती म्हणाली, "आजोबा रागावले नाहीत?"

मंडळी, तुम्हीही घरी पाना हातात घेणारे असाल तर जरूर घ्या. गाडी कळते, पैसे वाचतात, आणि शेजारी पाने देत बसलेलं एखादं पोर काहीतरी शिकतं. फक्त सुरू करण्याआधी स्वतःला एक विचारा : हे मला या गाडीनं शिकवलंय की आधीच्या गाडीनं? आणि ब्रेकच्या बाबतीत शंका असेल तर ओतू नका, मिस्त्रीला बोलवा.

पुढच्या भागात कुर्ल्याच्या कारखान्याबद्दल सविस्तर बोलू.